मृगाच्या आधी घर आवरा: मराठवाड्यातल्या कुटुंबासाठी आपत्तीची तयारी

मराठवाडा म्हटले की दुष्काळ, हे इतके डोक्यात बसले आहे की बाकीच्या संकटांची तयारी करायची सवयच आपल्याला लागलेली नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा आणि तेरणाकाठचे सोयाबीन उभेच पाण्याखाली गेले. त्याच्या महिनाभर आधी नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात रात्रीतून गावात पाणी शिरले होते. किल्लारीचा परिसर तर १९९३ पर्यंत भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये दाखवलेला होता. म्हणून ‘आमच्याकडे असलं काही होत नाही’ हे वाक्य आधी सोडून द्यावे.

आपल्याकडे माणूस दगावतो तो बहुतेक तीन ठिकाणी: पडक्या किंवा जड घरात झोपेत, पाणी वाहत असलेल्या फरशी पुलावर, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी शेतातल्या झाडाखाली. या तिन्हींवर उपाय आहे आणि तो फार खर्चिक नाही. मात्र तो वेळेत व्हायला हवा. बांधकामाची कामे एप्रिल-मे महिन्यांतच होतात. ७ जूनच्या सुमारास मृग निघाला की गवंडी पेरणीला जातो आणि घर तसेच राहते.

पहिले काम: घराकडे गवंड्याच्या नजरेने पाहणे

दुपारच्या लख्ख उजेडात घराभोवती एक फेरी मारा. जुन्या दगडमातीच्या भिंतीची अडचण तिच्या आत दडलेली असते. बाहेरून दोन-अडीच फूट जाड दिसणारी ही भिंत खरे तर दोन वेगळ्या भिंती असतात: एक बाहेरच्या दगडांची, एक आतल्या दगडांची, आणि मधे मातीत टाकलेली कपची. दोन्हींना धरून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक ठिकाणी नसतो. पाणी मुरले की मधली माती फुगते, बाहेरचा थर ढळतो आणि भिंतीला पोट सुटते. अशा भिंतीला धक्का बसला की बाहेरचा थर बाहेर पडतो, आतला आत पडतो, आणि वरचे माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचे मातीचे छत, सरळ खाली येते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारला काही मिनिटे कमी असताना, औसा आणि उमरगा तालुक्यांत हेच झाले. भूकंप साधारण ६.२ तीव्रतेचा होता. जगात अनेक ठिकाणी एवढ्या भूकंपात थोडीच माणसे मरतात. इथे जवळपास ८,००० माणसे गेली, कारण डोक्यावर माती होती. किती, याचा हिशेब करून पाहा. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट पांढरी माती म्हणजे १५० घनफूट, आणि कोरडी असतानाही तिचे वजन साधारण सात टन. ओली झाली की आणखी जास्त. दरवर्षी गळती थांबवायला वर नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, या पद्धतीने कित्येक माळवदे अडीच फुटांवर गेली आहेत.

पाहणीत पुढच्या खुणा शोधा. ओळंबा सोडल्यावर भिंत एक-दीड इंचापेक्षा जास्त बाहेर आलेली. कोपऱ्यात वरून खाली गेलेली उभी भेग (दोन भिंती एकमेकींपासून सुटल्याची ती खूण). दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग. तुळईच्या टोकाशी वाळवीची माती किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज. जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत ओल. भेग जुनी आहे की वाढते आहे हे ओळखायला तिच्यावर सिमेंटची पातळ आडवी पट्टी मारून तारीख लिहा. महिन्याभरात पट्टी तडकली तर भेग चालू आहे. काळ्या मातीवरचे घर उन्हाळ्यात खाली बसते आणि पावसाळ्यात उचलते, त्यामुळे बारीक भेगा तिथे असतातच. बोटाचे टोक आत जाईल अशी भेग मात्र कुठल्याही घरात साधी समजू नये.

माळवद आणि दगडी भिंत: काय करता येते

घर पाडून नवे बांधणे सगळ्यांना जमत नाही. जुन्या घरातला धोका कमी करायची कामे याच क्रमाने करा, कारण पहिल्या कामातच निम्मा फायदा आहे.

१. माळवदाची माती उतरवा. वर सहा ते आठ इंचच ठेवा. गळतीसाठी मातीच्या थराखाली जाड प्लास्टिक कागद अंथरा, त्यावर माती चोपून पाण्याला नीट उतार द्या. माती उतरवताना एकाच बाजूची सगळी काढून दुसरी बाजू जड ठेवू नका, तुळया फिरतात. आधी मधली, मग दोन्ही कडांची सारखी काढत चला. खालच्या खोलीत त्या दिवशी कोणी थांबू नये.

२. लाकडी खांब आणि तुळई यांच्या जोडाला तिरके आधार द्या. खांबाच्या वरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत लाकडी किंवा लोखंडी अँगलचा तुकडा बोल्टने आवळा. आपल्या माळवदात खांब आणि तुळया असतात, म्हणून भिंत ढासळली तरी छत लाकडावर उभे राहू शकते. पण जोड सैल असेल तर सगळा सांगाडा पत्त्यासारखा एका बाजूला झुकतो. हे काम एका दिवसाचे आहे आणि सगळ्यात दुर्लक्षितही.

३. भिंतीचे दोन थर एकमेकांना बांधा. साधारण तीन-साडेतीन फुटांच्या अंतरावर, खालीवर आड घेत, एकेक दगड हलक्या हाताने काढून आरपार तीन इंचांचे भोक पाडा. त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ मिमीची सळई ठेवा आणि १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटने भोक भरा. सळई कुठेही उघडी राहू नये, बाजूने इंचभर काँक्रीट हवे, नाहीतर ती गंजून भिंतच फोडते. पहारीचे जोरात घाव घालू नका. मातीतली भिंत त्यानेच सुटते. भरलेल्या काँक्रीटवर दहा दिवस पाणी मारा. गवंडी हे ‘दोन दिवस बास’ म्हणून टाळतो.

४. दाराच्या वरच्या पातळीला घराभोवती वेल्डेड जाळीचा पट्टा आतून-बाहेरून लावा, दोन्ही जाळ्या भिंतीतून तारेने जोडा आणि वर १:३ सिमेंट प्लास्टर करा. पट्टा कोपऱ्यावर तुटता कामा नये. कोपऱ्यात तुटलेला पट्टा नसल्यासारखाच.

हे सगळे करताना एखाद्या भिंतीला मोठे पोट सुटलेले असेल तर तिच्यावर जाळी मारून काही मिळत नाही. छताला टेकू देऊन ती भिंत उतरवा आणि नव्याने बांधा. बांधताना दर दोन फूट उंचीला आणि दर चार फूट लांबीला एक आरपार दगड घाला. घडाई नसलेले गोल गोटे वापरू नका.

नवीन विटांचे किंवा ब्लॉकचे घर बांधत असाल तर गवंड्याला एकच गोष्ट ठासून सांगा: लिंटल फक्त दारा-खिडकीवर नको, घराच्या सगळ्या भिंतींवरून, मधल्या भिंतींसकट, सलग फिरला पाहिजे. जाडी किमान तीन इंच, आत दोन १० मिमी सळ्या, दर सहा इंचाला ६ मिमीची रिंग. कोपऱ्यात सळई वळवून पुढच्या भिंतीत किमान दोन फूट न्या. आपल्याकडे सळई कोपऱ्यात कापून सोडतात, आणि घर उघडते तेही कोपऱ्यातच. दार भिंतीच्या कोपऱ्यापासून किमान दोन फूट आत ठेवा. पाण्याची १,००० लिटरची टाकी भरल्यावर टनभराची होते. ती कठड्यावर, कोपऱ्यावर किंवा जुन्या दगडी भिंतीवर बसवू नका.

हिंगोलीकडे वसमत, औंढा, कळमनुरी भागांत जमिनीतून गूढ आवाज आणि लहान धक्के येतच राहतात. २१ मार्च २०२४ च्या सकाळचा ४.५ चा धक्का नांदेड-परभणीपर्यंत जाणवला होता. तिथल्या लोकांना आवाजाची सवय झाली आहे. सवय झाल्यानेच भिंतींच्या भेगा बघायच्या राहून जातात.

पत्रे

मे महिन्यातला वळीव पत्र्यांचे सगळ्यात जास्त नुकसान करतो. पत्र्यावर दगड ठेवायची आपली पद्धत घातक आहे: वारा पत्रा उचलतो आणि दगड खाली झोपलेल्या लेकराच्या अंगावर येतो. दगड उतरवा आणि पत्रा खालच्या पाइपाला किंवा लाकडाला ‘J’ आकाराच्या हुकने आवळा. हुक पन्हाळीच्या उंच भागावर, रबर आणि लोखंडी अशा दोन्ही वायसरांसह लावा. वारा आधी कडेलाच धरतो, म्हणून कडांना आणि मधल्या उंच ओळीला हुक एकाआड एक पन्हाळीवर. मधल्या पाइपांवर थोडे विरळ चालतात. बाजूचा पत्रा दीड पन्हाळी आणि पुढचा सहा इंच एकमेकांवर चढवा. भिंतीबाहेर पत्रा दीड फुटापेक्षा जास्त काढू नका.

पाइप नुसता भिंतीवर टेकवलेला असेल तर हुक कितीही लावले तरी पाइपासकट छत उडते. पाइपाला वेल्ड केलेली पट्टी भिंतीत दीड फूट खोल काँक्रीटमध्ये पुरलेली हवी. वादळात वाऱ्याकडची दारे-खिडक्या आधी लावा. आत शिरलेला वारा छताला खालून रेटतो आणि वरचा वारा ओढतो. दोन्ही मिळून पत्रे जातात.

घरातली मांडामांड

झोपायची जागा बदलणे हा फुकटातला उपाय आहे. जुन्या दगडी भिंतीलगत, मांडणीखाली किंवा जड कपाटाच्या सावलीत कोणाचेही डोके नको. म्हातारी माणसे आणि लेकरे दाराजवळच्या, घराच्या नव्या भागात झोपवा. पितळी हंडे, पाटे, धान्याचे डबे मांडणीच्या वरच्या फळीवरून खाली घ्या. लोखंडी कपाट वरच्या बाजूला दोन अँगलने भिंतीला पक्के करा. रात्री दाराच्या वाटेत सायकल, घागरी, पोती राहू देऊ नका. बॅटरी आणि चप्पल खाटेखाली ठेवा. भूकंपानंतर काचेने आणि खिळ्याने पायाला जखमा होतात.

धक्का बसला तर काय करायचे हे घरावर ठरते, आणि इथेच सरसकट सल्ल्याने घोळ होतो. सळई-काँक्रीटच्या घरात मजबूत टेबल किंवा खाटेखाली जा, डोके झाका, हादरे थांबेपर्यंत बाहेर पळू नका. माळवदाच्या किंवा दगडमातीच्या घरात मात्र टेबल सात टन पेलत नाही. दार चार-पाच पावलांवर असेल तर ताबडतोब मोकळ्या जागेत निघा. बाहेर आल्यावर दोन दगडी घरांमधल्या बोळात थांबू नका, दोन्ही भिंती तिथेच पडतात. कोणी मोकळ्यात कुठे जमायचे ती जागा आधी ठरवा: मारुतीच्या पारासमोरचे मैदान, शाळेचे पटांगण, खळे. मुख्य धक्क्यानंतर छोटे धक्के येत राहतात. तडे गेलेल्या घरात ‘पैशांचा डबा काढून येतो’ म्हणून जाणारा माणूस त्यात सापडतो.

तीन दिवसांचे सामान

पाच माणसांच्या घराचा हिशेब असा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज चार-पाच लिटर धरले तर तीन दिवसांना ६० ते ७५ लिटर: २० लिटरचे चार झाकणबंद कॅन. पाऊस लागून राहिला की तेवढे भरून उंचावर ठेवा. दुष्काळात पाणी साठवायची सवय आपल्याला आहेच, ती इथे कामाला येते.

खाणे चूल न पेटवता खाता आले पाहिजे. भाजलेले शेंगदाणे २ किलो, पोहे २ किलो, गूळ दीड किलो, फुटाणे १ किलो. एवढ्यात पाच जणांचे तीन दिवस निभतात. वर दशम्या केल्या तर दोन दिवस टिकतात, पण ओल्या हवेत त्यावर विसंबू नका. पत्र्याच्या डब्यात भरा, दर दोन महिन्यांनी खाऊन नवे भरा. शेंगदाण्याला कुबट वास किंवा बुरशी असेल तर पाखडून वापरू नका, टाकून द्या.

बाकीची एकच पिशवी, दाराजवळच्या खुंटीला:

– बॅटरी आणि वेगळे सेल, भरलेली पॉवर बँक, काडेपेटी (प्लास्टिकमध्ये), शिट्टी
– १२ मिमी जाडीचा नायलॉन दोर, २० मीटर, ताडपत्री, चाकू
– रक्तदाब, मधुमेह, फिट यांच्या औषधांचा १० दिवसांचा साठा आणि डॉक्टरांची चिठ्ठी
– ओआरएसची १० पाकिटे, लहान मूल असेल तर झिंकच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, पट्टी, कापूस
– सॅनिटरी पॅड, बाळाचे कपडे, म्हातारीचा चष्मा

कागद वेगळे. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा, आठ अ, खरेदीखत, मुलांचे दाखले असे सगळे दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकीत एक घालून. प्रत्येकाचा फोटो काढून बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. मे महिन्यात घराचे, गोठ्याचे, मोटारीचे, जनावरांचे फोटोही काढा. घर धडधाकट असतानाचा फोटो पंचनाम्याच्या वेळी फार बोलतो.

फोन नंबर भिंतीवर खडूने नाही, तैलरंगाने लिहा: ११२ सर्व आपत्कालीन, १०८ रुग्णवाहिका, १०१ अग्निशमन, १०७७ जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, १९१२ महावितरण, १९६२ जनावरांचा दवाखाना. टॉवरवर ताण आला की फोन लागत नाही, साधा एसएमएस मात्र जातो. बाहेरगावच्या एका नातेवाइकाला ‘निरोप्या’ ठरवा. घरातल्या प्रत्येकाने त्यालाच कळवायचे.

वीज: इथे चूक सेकंदाची असते

एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात सप्टेंबर-ऑक्टोबर, दुपारी दोन ते संध्याकाळी सात ही वेळ सांभाळायची. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोफत ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. शेतात जाणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ते घाला आणि लोकेशन चालू ठेवा. रेंज नसेल तर कान आहेत: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, त्यांना तीनने भागा, तेवढे किलोमीटर वीज दूर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर काम तिथेच सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. ‘आभाळ उघडलं’ म्हणून लगेच निघालेल्या माणसावर वीज पडल्याची उदाहरणे गावोगाव आहेत.

पक्के घर किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी सुरक्षित. ट्रॅक्टर, मोटारसायकल, चारी बाजूंनी उघडी शेड, झाड, विद्युत खांब, तारेचे कुंपण, विहिरीचा काठ, तुषार संचाचे पाइप हे सगळे धोक्याचे. शेतातल्या आखाड्यावर पक्का आडोसा नसेल तर ढग दिसताच गावाकडे निघणे हाच खरा उपाय. अगदी सापडलातच तर झाडापासून दूर, सखल कोरड्या जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा, डोके गुडघ्यांत, कानांवर हात. आडवे पडू नका. पाय जुळवायचे कारण असे की वीज जमिनीत उतरल्यावर चहूकडे पसरते आणि दोन पावलांमधल्या अंतरात दाब तयार होतो. जनावरांचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात, म्हणूनच एका झाडाखालची बैलजोडी एकदम जाते. माणसे घोळक्याने बसू नका, एकमेकांत वीस-पंचवीस हात अंतर ठेवा.

घरात असताना चार्जरला लावलेला फोन, टीव्ही, मोटारीचा स्टार्टर, नळ यांना हात लावू नका. खिशातला मोबाइल वीज ओढत नाही. ‘पायाळू माणसावर वीज पडते’ यातही काही तथ्य नाही.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. शेणात ठेवणे, मातीत पुरणे यात जी मिनिटे जातात तीच त्याच्या जिवाची असतात. श्वास चालत नसेल तर पाठीवर झोपवा, छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० या गतीने, दोन इंच खोल दाबत राहा. येत असेल तर दर ३० दाबांनंतर तोंडाने दोन श्वास द्या. १०८ येईपर्यंत थांबू नका, दमल्यावर माणूस बदला. अनेक जण पडलेले असतील तर हालचाल न करणाऱ्याकडे आधी जा. विजेने थांबलेले हृदय अशा मदतीने पुन्हा चालू होऊ शकते.

पूर: आपले धरण कोणते ते माहीत हवे

आपल्या घरात पाणी कुठून येते हे ओळखा. पैठणच्या जायकवाडीचा विसर्ग वाढला की गंगाखेड, नांदेडच्या गोदाकाठाने सावध व्हायचे; सिंदफणा खोऱ्यात माजलगाव; मांजराकाठी धनेगावचे धरण; तेरणेला माकणी; पूर्णेला येलदरी आणि सिद्धेश्वर; पैनगंगेला इसापूर; परंड्याकडे सीना-कोळेगाव. बातमीतला विसर्ग क्युसेकमध्ये असतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. नुसता आकडा कळून उपयोग नाही. मागच्या पुरात किती क्युसेकला पाणी कुठवर आले होते ते गावातल्या जुन्या माणसाला विचारून देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर रेघ मारून लिहा. पुढच्या वेळी तीच रेघ तुमचा इशारा. शहरात प्लॉट घेताना पूररेषेचा नकाशा मागा: निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या पुराची.

नदीपासून लांब असलेल्या वस्त्याही बुडतात. गोदावरी तुडुंब असली की ओढ्याचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही, ते मागे फिरते आणि गावाच्या पाठीमागून घरात येते. पाझर तलावाच्या खाली वस्ती असेल तर पावसात भरावाकडे रोज एक माणूस जायला हवा. भरावातून स्वच्छ पाणी झिरपते तोवर ठीक. गढूळ पाणी येऊ लागले म्हणजे आतली माती वाहून चालली आहे, लगेच वस्ती रिकामी करा आणि तहसीलला कळवा.

निघायची वेळ आली तर क्रम असा: मेन स्विच बंद (हात कोरडे, पायात चप्पल, पाणी बोर्डापर्यंत आले असेल तर हात लावू नका), गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर साखळीने खांबाला, पिशवी आणि कागद, मग जनावरांची दावी सोडा. हे शेवटचे सगळ्यात जास्त राहून जाते. सुटलेले जनावर पोहून उंचावर जाते, बांधलेले दावणीलाच बुडते. घटसर्प आणि फऱ्याची लस मृगाआधी टोचून घ्या, कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर लिहून ठेवा.

फरशी पुलावर पाणी असेल तर गाडी घालायची नाही. यात अपवाद शोधू नका. अर्धा फूट वेगाचे पाणी माणसाला पाडते, दोन फूट पाणी चारचाकी उचलते, आणि गढूळ पाण्याखाली पूल शाबूत आहे की वाहून गेला हे वरून कळत नाही.

पाणी ओसरल्यावर

ओली मातीची भिंत पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांनी पडते. लोक नेमके तेव्हाच घरी झोपायला परततात. भिंतीत काठी दाबून पाहा, सहज रुतली तर त्या खोलीत झोपू नका. बोर्ड, मोटार, स्टार्टर वायरमनने तपासल्याशिवाय चालू करू नका. ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर ओल्या घरात जीव वाचतो. अर्थिंग मात्र चांगले हवे.

कडब्याच्या गंजीत, सरपणात, बळदात साप आलेला असतो. हात घालण्याआधी काठीने हलवा. मण्यार रात्री अंथरुणात चावते आणि दुखतही नाही, म्हणून खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपा. चावलाच तर घट्ट आवळू नका, कापू नका, चोखू नका. अंगठ्या-कडे काढा, तो अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा आणि सरळ सापाची लस असलेल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जा.

विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल तर आधी उपसा, मग टीसीएल (ब्लीचिंग) पावडर. प्रमाण १,००० लिटरला ५ ग्रॅम. विहिरीचा व्यास ४ मीटर, पाणी ५ मीटर खोल असेल तर ३.१४ × ४ × ४ × ५ ÷ ४, म्हणजे साधारण ६३ घनमीटर, म्हणजे ६३,००० लिटर. पावडर ३१५ ग्रॅम. बादलीत आधी लगदा करा, पाणी ओतून ढवळा, दहा मिनिटे निवळू द्या आणि वरचे पाणीच विहिरीत सोडा. खालचा चुना टाकला तर काही होत नाही, फक्त विहीर भरते. किमान तासभर, शक्यतो रात्रभर थांबा. ग्रामपंचायतीकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उतरले का याची तपासणी) करून घ्या. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा टाका. उघड्या पोत्यातली जुनी पावडर निकामी झालेली असते. तोवर पिण्याचे पाणी तुरटी फिरवून निवळा, गाळा आणि खळखळून पाच मिनिटे उकळा. जुलाब लागले आणि पाकीट संपले असेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

पंचनाम्याआधी साफसफाईची घाई करू नका. पाण्याची रेघ भिंतीवर दिसेल असे, वाहून आलेला गाळ, पडलेली भिंत, मेलेले जनावर बिल्ल्यासकट असे तारखेचे फोटो काढा. घर, पीक, जनावरे या तिन्हींची नोंद वेगवेगळी होते. तलाठी घराची नोंद करून गेले म्हणजे शेताचीही झाली असे समजू नका. पंचनाम्यावर सही करण्याआधी गट नंबर, क्षेत्र आणि बँक खात्याचा शेवटचा आकडा स्वतः वाचा, आणि त्या कागदाचा फोटो तिथेच काढून घ्या. जनावराचे शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून करून दाखला मिळाल्यावर, विहिरीपासून लांब, सहा-आठ फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.